भिंगावरचा हात

सावरदरीत पंचफुलाचं नाव निघालं की लोक आधी तिच्या रागाबद्दल बोलत. बैल अडला तर ती बैलाशी भांडायची, विहिरीचा दोर तुटला तर दोराशी. निंदण करताना कोणी शिवी हासडली तर खुरपं हातात तसंच धरून उभी राहायची आणि म्हणायची, "पुन्हा बोल." पुन्हा सहसा कोणी बोलत नसे.

तिचं माहेर धनजचं. लहानपणीच लग्न होऊन ती सावरदरीला आली. हे गाव मालेगावहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, टेकडीच्या पोटात आहे. नवरा इंद्रभान उंच, सोशिक आणि मोजकं बोलणारा. तो गावच्या पाटलांकडे सालदार होता. छप्पन साली वस्तीनं धम्मदीक्षा घेतली, तेव्हा देव्हाऱ्यातले टाक विहिरीत टाकायला घरात कोणी धजेना. सासू तर रडतच बसली होती. पंचफुलानं टाक पदरात बांधले, विहिरीवर गेली आणि एकेक करून पाण्यात सोडले. त्याआधी तिची दोन लेकरं बारसं व्हायच्या आत गेली होती. दोन्ही वेळा बायकांनी सांगितलं होतं की सटवीनं नेलं.

"आता सटवी बी गेली पान्यात," ती घरी येऊन सासूला म्हणाली. "आता पाहू कोन नेते माहे लेकरं."

पुढच्या वर्षी मुलगी झाली आणि ती जगली. तिचं नाव गौतमी ठेवलं. वस्तीत सातवी शिकलेली ती पहिली मुलगी. मंगरूळपीरला कचेरीत शिपाई असलेल्या मुलाशी तिचं लग्न झालं, आणि पंच्याहत्तर सालच्या हिवाळ्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

त्याच हिवाळ्यात गावात सिनेमाची सरकारी गाडी आली.

गाडी अकोल्याकडून यायची. सोबत जनरेटर, मशीन आणि पांढरा पडदा असे. मशीन चालवायला प्रेमसिंग नावाचा माणूस होता. खाकी सदऱ्यातला, दमलेला, सगळ्यांशी नमतं घेणारा. मारुतीच्या पारापुढच्या मोकळ्या जागेत दोन खांब रोवून पडदा बांधला. पुरुष पडद्यासमोर बसले, बाया पडद्यामागे. बायांना चित्र उलटं दिसे. अक्षरं उलटी, डावखुरी माणसं. पण चित्र दिसे आणि आवाज ऐकू येई, म्हणून कोणाची तक्रार नव्हती. आमच्याकडे तेव्हा सिनेमा म्हणजे एवढंच. मुंबईत घरोघरी टीव्ही आले आहेत असं पेपरात वाचायचं आणि पेपर घडी घालून ठेवायचा.

आधी सोयाबीन नावाच्या कोण्या नव्या पिकाचा सिनेमा झाला. मग लाल त्रिकोणाचा, कुटुंबनियोजनाचा. मग आई आणि बाळाच्या आरोग्याचा लागला. त्यात खेड्यातलंच एक घर होतं, आपल्यासारखीच चूल, आपल्यासारखंच लुगडं नेसलेली पोटुशी बाई. बायका सरसावून बसल्या. गौतमी आईच्या खांद्याला टेकून पाहत होती. पडद्यावरच्या बाईला कळा सुरू झाल्या. दाई आली. दाईनं चुलीवर भांडं ठेवलं. पुस्तकी मराठीत बोलणारा एक आवाज काहीतरी समजावून सांगू लागला.

तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून सरपंचांचा आवाज आला. सरपंच म्हणजे उकंडराव पाटील, ज्यांच्याकडे इंद्रभान सालदार होता तेच.

"अबे, हात ठेव! हात ठेव त्याच्यावर! आयाबहिनी बसल्या हायेत अठी! आवाज बी बंद कर!"

प्रेमसिंगनं मशीनच्या भिंगावर हात ठेवला आणि पडदा काळा झाला. कडेला बोटांच्या फटींतून लालसर उजेड तेवढा गळत होता. आवाजही बंद झाला. पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी शिट्टी मारली, हशा झाला. अंधारात मशीनचं चाक तेवढं फिरत राहिलं. बायांनी तोंडाला पदर लावले. पंचफुलानंही लावला. तिलाही त्या वेळी वाटलं की बरं झालं, पोरीच्या पुढ्यात नको ते.

बऱ्याच वेळानं हात निघाला. पडद्यावरची बाई पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन हसत होती.

गौतमीला मुलगी झाली ती थंडी ओसरता ओसरता. भागिरथा मावशीनं सोडवलं. भागिरथा वस्तीतलीच, म्हातारी. गावातली अर्धी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली, वरच्या आळीतलीसुद्धा. वरच्या आळीत तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसत, पण बाळंतिणीच्या खोलीत मात्र ती चाले. तिनं नेहमीसारखी विळ्यानं नाळ कापली, वर चुलीतली राख दाबली, आणि गूळ-खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून घरी गेली. लेकरू गोरंगोमटं होतं. इंद्रभान, जो कधी हसत नसे, दिवसभर उगीच दारात उभा राहून हसत होता.

मग लेकरू दूध ओढेनासं झालं. आधी वाटलं, झोपाळू आहे. मग त्याचं तोंडच उघडेना. ओठ आवळून एक चमत्कारिक हसू चेहऱ्यावर थिजलं. जरा आवाज झाला की अंग ताठ होऊन धनुष्यासारखं मागे वाकायचं. इंद्रभाननं बैलगाडी जुंपली. मालेगावच्या सरकारी दवाखान्याच्या पायरीपर्यंत लेकरू जिवंत होतं.

दवाखान्यात ललिताबाई नावाच्या नर्सबाई होत्या, पश्चिम महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या. त्यांनी लेकराचं अंग पाहिलं आणि डॉक्टर यायच्या आधीच त्यांना कळलं.

"नाळ कशानं कापली?"

"इळ्यानं."

"उकळून घेतला होता?"

"इळा कोन उकळते, बाई?"

"वर काय लावलं?"

"राख."

ललिताबाई खाली बसल्या. "अहो, धनुर्वात आहे हा. कापलेल्या जागेतून गेला अंगात. त्या गाडीच्या सिनेमात हेच तर दाखवलं होतं. मीच मागे लागून तुमच्या बाजूला गाडी पाठवायला लावली. नवं ब्लेड घ्यायचं, ब्लेड आणि दोरा खळखळ उकळायचा, हात साबणानं धुवायचे, नाळ दोन जागी बांधून मध्ये कापायची, राख नाही, शेण नाही, काही नाही लावायचं. एवढंच आहे त्या सिनेमात. तुम्ही पाहिला नाहीत का?"



"तठी हात होता," पंचफुला म्हणाली.

"कसला हात?"

"मशीनवर. सरपंचानं हात ठेवाले लावला."

ललिताबाईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

परतीच्या वाटेवर गौतमी रडत होती, इंद्रभान रडत होता. पंचफुला रडली नाही. ओढ्याच्या काठी मातीत लेकरू ठेवून आली आणि तशीच, हात न धुता, भागिरथाच्या दारात गेली.

"कुठी हाये तुहा इळा?"

भागिरथाला बातमी कळली होती. तिनं कुडात खोचलेला विळा काढून पुढे केला. पंचफुलानं तो घेऊन अंगणातल्या दगडावर असा आपटला की मूठ एकीकडे आणि पातं एकीकडे उडालं.

"याच इळ्यानं गौतमीची नाळ कापली होती म्या," भागिरथा म्हणाली. "ते जगली ना?"

"आन माहे पह्यले दोघं?"

म्हातारी एकदम ओरडली, "मले कोनं सांगतलं होतं व? सांग ना! मले कोनी सांगतलं असतं तं म्या पानी उकळलं नसतं? मी बी तठीच बसली होती, तुह्याच मांगं!"

ती खरंच तिथे बसली होती. पंचफुलाला आठवलं, हात पडला तेव्हा भागिरथा मागून म्हणाली होती, 'काय करून राह्यली ते दाई, पाहू तं द्या.' सगळ्या बायांत तिला एकटीलाच पाहायचं होतं. तिचा धंदाच होता तो.

पंचफुला तिथून निघाली आणि वस्ती ओलांडून सरळ उकंडराव पाटलांच्या वाड्यावर गेली.

पाटील ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. दारात त्यांची बायको दुर्गाबाई उभी होती. पंचफुला अंगणात उभी राहिली. वर कोणी बोलावलं नाही आणि तिलाही जायचं नव्हतं.

"पाटील, त्या दिसी हात काहून ठेवाले लावला?"

उकंडरावांना कशाबद्दल ते कळायला वेळ लागला. मग ते शांतपणे म्हणाले, कारण माणूस तसा वाईट नव्हता. "लेकरू गेलं तुह्यं, वाईट झालं. बस खाली. पन पंचफुले, तूच सांग. माह्या घरात सून हाये, लेक हाये. त्यायच्या संगं बसून मी बाई बाळंत होतानी पाहू? उद्या त्यायच्या हातचा चहा कोन्या तोंडानं घेऊ? सरकार हाये म्हनून काय बी दाखवीन का? आज हे दाखवलं, उद्या अजून दाखवन. कोनी तरी आडवं झालंच पाह्यजे."

"सून कुठी होती तुमच्या संगं? बाया तं पडद्यामांगं होत्या. तुमाले दिसत बी नव्हत्या."

"असल्या तरी."

"मंग लाज बायाची नव्हती, पाटील. तुमची होती. तुमाले लाज वाटली तं तुमी उठून घरी जाचं होतं. आमच्या डोयावर हात कायले ठेवला?"

दुर्गाबाई चौकटीत चुळबुळली. उकंडरावांचा अडकित्ता थांबला.

"लेकरू गेलं म्हनून ऐकून घेऊन राह्यलो," ते म्हणाले. "आता जाय."

ती गेली. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यातून तो काळा पडदा जाईना. निंदताना, दळताना, भाकरी थापताना ती स्वतःशी बोलायची. बाळंतपण घाण आहे का? घाण असेल तर मग पाटील कुठून आले? तो हशा, ती शिट्टी कोणाची होती हे तिला आवाजावरून माहीत होतं, आणि त्या पोरांची वाट अडवून ती विचारायची, "काय हासाले आलं होतं रे तुले?" पोरं तिला टाळू लागली. बायांनाही ती नकोशी झाली. "आपल्याले बी नव्हतं पाह्याचं व," त्या म्हणत. तिला तेच झोंबे, कारण तिनंही पदर लावला होता.

पुढे मंगरूळपीरला दर्ग्याचा उरूस भरला. गौतमी सासरी परतली होती, पण जेवत नव्हती, बोलत नव्हती. जावयानं सासूला बोलावून घेतलं, आणि दोघींचं मन रमावं म्हणून उरुसात आलेल्या तंबूतल्या टॉकीजची तिकिटं काढली. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर एक छापील कागद दिसला.

"काय लिवलं हाये?" पंचफुलानं विचारलं.

"सरकारनं तपासला, पास केला असं लिहिलंय," गौतमी म्हणाली. "लहानमोठ्या समद्यांनी पाहाले चालते."

म्हणजे कोणीतरी पाहून ठरवतं, पंचफुलाला बरं वाटलं. असं कोणी असायलाच हवं, तिला वाटलं. मग सिनेमा अर्ध्यावर आला आणि एका माडीवरच्या खोलीत एका माणसानं एका मुलीला कोंडलं. मुलगी हात जोडत होती. त्यानं तिचा पदर ओढला, बाही फाडली, तिला भिंतीवर लोटली, पुन्हा ओढली. हे चाललं ते चाललंच. तंबूतले पुरुष शिट्ट्या मारत होते, पडद्याकडे चिल्लर फेकत होते. पहिल्या रांगेत सावरदरीची पोरं होती, हात पडला तेव्हा हसलेली तीच. गौतमीनं कान झाकले आणि उठून बाहेर गेली.

पंचफुला तिच्यामागे गेली नाही. ती तंबूच्या दाराशी बसलेल्या तिकीटवाल्याकडे गेली.

"हे दाखवाले कोनं सांगतलं तुले?"

"पास झालेलं हाये, मावशी. शिक्का पाह्यला नाही का?"

"ते पोट्टी रडून राह्यली आन हे लोक शिट्ट्या मारून राह्यले. याच्यावर हात ठेवाले कोनी नाही?"

"अवं, त्यासाठीच तं लोक येतात," तिकीटवाला हसून म्हणाला. "ते कापलं तं तंबू रिकामा होईन."

ती त्याला मारणारच होती, पण जावई धावत आला. घरी नेईस्तोवर ती स्वतःशी पुटपुटत होती. बाईची अब्रू जाताना सगळ्यांनी मिळून पाहायची, पैसे देऊन पाहायची, त्याला सरकारचा शिक्का. आणि बाईचा जीव कसा वाचवायचा ते दाखवलं की आयाबहिणी आठवतात. त्या दिवशी गौतमी आईला म्हणाली, "माय, तू घरी जाऊन चूप बसू नको." कित्येक दिवसांत ती पहिल्यांदा एवढं बोलली होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा आली. आणीबाणीचे दिवस होते. नसबंदीच्या धास्तीनं सरकारी गाडी दिसली की पुरुष शेतात पळत. म्हणून या वेळी खेळ दिवसाच, शाळेच्या खोलीत ठेवला. खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला. बाया जास्त, पुरुष थोडे. सरपंच म्हणून उकंडरावांना येणं भाग होतं, ते खुर्चीवर बसले. भागिरथा भिंतीला टेकून बसली होती.

पंचफुला बसली नाही. ती मशीनपाशी, प्रेमसिंगच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिली.

"बाई, खाली बसा ना," प्रेमसिंग म्हणाला.

"मी अठीच बरी हाये."

लाल त्रिकोण झाला. मग आई आणि बाळाचा सिनेमा लागला. तीच चूल, तेच लुगडं. पोटुशी बाई कण्हू लागली, तशी उकंडरावांची खुर्ची करकरली. प्रेमसिंगचा हात वर उठला की नाही कोण जाणे, पण पंचफुलानं त्याचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं.

"हात खाली!" ती ओरडली. "हात खाली ठेव! आज कोनी हात लावाचा नाही!"

खोलीत कल्लोळ झाला. उकंडराव उभे राहिले. प्रेमसिंग म्हणत होता, "बाई, मनगट सोडा, मशीन पडन!" पंचफुला सोडेना. तिची नजर पडद्यावर होती. दाई दारातून आली. दाईनं चुलीवर भांडं ठेवलं.

आणि पडद्यावरची बाई पांढऱ्या कपड्यातलं बाळ घेऊन हसू लागली.

पंचफुलाला कळेना. कोणी हात ठेवला नव्हता. पडदा काळा झाला नव्हता. मधलं सगळं नव्हतंच.

"कुठी गेलं?" ती म्हणाली. "मधातलं कुठी गेलं?"

"तो तुकडाच नाही आता, बाई," प्रेमसिंग हळू आवाजात म्हणाला. "मांगच्या टायमाले अठून तक्रार गेली. सायबानं सांगतलं, काढून टाक, कटकट नको. मीच कापला आन जोडून टाकला."

"तुकडा कुठी हाये?"

"केरात गेला."

"एका गावची तक्रार गेली, आन तुमी समद्या तालुक्याचं कापलं?"

"समद्या जिल्ह्याचं, बाई. सिनेमा एकच हाये. गाडी एकच हाये."

तिनं मनगट सोडलं. उकंडराव खाली बसले, आणि बसताना त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. ते पंचफुलानं पाहिलं. मग ती चालत जाऊन पडद्यापुढे उभी राहिली. मशीनचा झोत तिच्या लुगड्यावर, तोंडावर पडला आणि पडद्यावरची हसणारी बाई तिच्या अंगावर हलू लागली.

"मी सांगतो मधातलं काय होतं ते," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही कधी कधी पुरुषासारखं 'सांगतो' म्हणतात, आणि त्या दिवशी तिनं ते ठासून म्हटलं. "लेकरू बाह्यर येते. कोठून येते ते तुमाले समद्याईले माहीत हाये, तुमी तठूनच आले. त्याच्या बेंबीले नाळ राह्यते. ते कापा लागते. ते इळ्यानं कापाची नाही. नवं ब्लेड आनाचं. दोरा आनाचा. दोन्ही पान्यात उकळाचे, भात उकळते तसे. हात साबनानं धुवाचे. दोन जागी बांधाचं, मधात कापाचं. आन वर राख लावाची नाही, शेन लावाचं नाही. माह्या नातीची नाळ भागिरथा मावशीनं इळ्यानं कापली, वर राख लावली. तिचं तोंड बंद झालं. माह्या लेकीच्या मांडीवर लाकडासारखी ताठ होऊन मेली. त्याच्या पह्यले माहे दोन तसेच मेले. सटवी नव्हती. कोनी सटवी नव्हती!"

"बंद कर मशीन!" उकंडराव ओरडले.

प्रेमसिंगनं मशीन बंद केलं. अंधार झाला. पंचफुला बोलतच होती, तेच, पुन्हा पहिल्यापासून. कोणीतरी खिडकीचं गोणपाट ओढून काढलं आणि दुपारचं ऊन आत आलं. पुरुष उठून गेले होते. काही बायाही गेल्या. बऱ्याच बसून होत्या, कोणी पदर लावून, कोणी न लावता. भागिरथा उठली, भिंत धरत धरत दाराकडे गेली आणि कोणाकडे न पाहता बाहेर पडली.

घरी इंद्रभान चुलीपुढे बसला होता. त्याला सगळं कळलं होतं. तो म्हणाला, "बोलली ते बरंच केलं. पन मावशीचं नाव कायले घेतलं समद्याईत?"

खरं तर नाव घ्यायचं पंचफुलानं ठरवलं नव्हतं. राग आला की तिच्या तोंडातून सगळंच बाहेर पडायचं, लागायचं ते आणि न लागायचं तेही. दुसऱ्या सकाळी ती भागिरथाकडे गेली तर दार आतून लावलेलं होतं. पुन्हा गेली, पुन्हा लावलेलं.

पाडव्याला, सालदारीची बोली नव्यानं ठरते तेव्हा, उकंडरावांनी इंद्रभानला ठेवलं नाही. कारण सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. इंद्रभान आणि पंचफुलानं शेजारच्या गावी कामं धरली, रोज टेकडी चढून उतरून जायचं. त्याच वर्षी पाटलांची लेक बाळंतपणाला आली. तिला कळा सुरू होताच जीप बोलावली आणि वाशीमच्या दवाखान्यात नेली. लेकरू सुखरूप झालं, गावात पेढे वाटले. वस्तीतही पेढे आले. पंचफुलानं तिच्या वाट्याचा पेढा हातात धरून पाहिला आणि कोंबड्यांना टाकला.

"त्यायच्या घरी सिनेमाचं कामच नव्हतं," ती म्हणाली. "जीप होती. ज्याले लागत नव्हतं त्यानं ज्याईले लागत होतं त्यायचं कापलं."

पुढे सत्त्याहत्तर साली आणीबाणी उठली. बंदी, तपासणी, कापाकापी यावर पेपरांतून रकानेच्या रकाने येऊ लागले. वस्तीतल्या शाळेत सेवालाल नावाचा तरुण मास्तर आला होता, तांड्यावरचा. तो पंचफुलाला म्हणाला, "काकू, कशावरच बंदी नको. ज्याला पाहायचं तो पाहील, नको तो उठून जाईल."

"तसं नाही मास्तर," ती म्हणाली. "मंगरूळले म्या जे पाह्यलं, त्याच्यावर म्या सोता हात ठेवला असता. आता बी ठेवीन. हात ठेवाले माही ना नाही."

"मग उकंडरावांचं काय चुकलं? त्यांनाही तसंच वाटलं."

मास्तरला वाटलं, अडवलं आपण हिला.

"ज्या पोट्टीवर ते जबरी होऊन राह्यली होती, तिले इचारलं असतं, तं ते म्हनली असती, ठेव हात," पंचफुला म्हणाली. "आन माह्या गौतमीले इचारलं असतं, तं ते म्हनली असती, हात काढ. पाटलानं कोनाले इचारलं? सोताच्या तोंडाले इचारलं. शिक्केवाल्यानं कोनाले इचारलं? तिकीटवाल्याले. बाईले कोनीच इचारलं नाही. तुमी बी समदं उघडं करा म्हनता, तं तुमी बी नाही इचारलं."

सेवालाल मास्तर नंतर सांगायचा की यावर त्याला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. त्याला ते पटलं होतं असंही नाही. कोणाला विचारायचं, किती जणींना, आणि त्यांच्यातच मतभेद झाला तर काय, असे त्याचे प्रश्न होते. पंचफुलाला त्या प्रश्नांत रस नव्हता. तिला एवढंच माहीत होतं की काळ्या पडद्याआड काय होतं, आणि त्याची किंमत कोणी मोजली.

गौतमीला पुढे मुलगा झाला, मंगरूळपीरच्या दवाखान्यात. तो जगला.

भागिरथा मात्र पंचफुलाशी मरेपर्यंत बोलली नाही. विहिरीवर दोघी समोरासमोर आल्या तर म्हातारी घागर रिकामीच घेऊन परतायची. पंचफुलानं कितीदा हाक मारली, एकदा तर भर रस्त्यात पाय धरायला वाकली, पण भागिरथा बाजूनं निघून गेली. मग एका पावसाळ्यात पलीकडच्या तांड्यावरची रुपाबाई बाळंत झाली. तिला सोडवायला भागिरथाच गेली होती. नंतर रुपाबाई बाजारात पंचफुलाला भेटली आणि सहज बोलता बोलता म्हणाली, "तुमची म्हातारी मोठी कडक हो बाप्पा. आल्या आल्या नवं ब्लेड मांगतलं. पानी खळखळा उकळेस्तोवर चुलीपाशून हालली नाही. माह्या सासूनं राख आनली तं तिच्या हातावर चापट मारली."

बाजूच्या बाया पंचफुलाला म्हणाल्या, घे, तुझं काम झालं, आता तरी राग सोड. पंचफुला हातातली पिशवी घट्ट धरून उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि आवाज चढला होता.

"एका गावाचं झालं," ती म्हणाली. "जिल्ह्याचं कापलं होतं. बाकीच्या गावाईले कोन सांगन?"